लढाईवर गेला, नोंद कुठे राहिली? समुद्रापार मरण पावलेल्या मराठी शिपायांच्या मृत्यूनोंदींचा शोध

१/ अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्ष आहे आणि शिलाहार राजा मांवाणी याचे नाव आहे. साडेनऊशेहून अधिक वर्षे लोटली, तरी ते नाव वाचता येते. याच गावावरून जाणाऱ्या लोहमार्गाने विसाव्या शतकातील दोन महायुद्धांत असंख्य मराठी तरुण मुंबईच्या गोदीकडे गेले. त्यांपैकी जे परतले नाहीत, त्यांतील अनेकांची नावे कोणत्याही दगडावर कोरली गेली नाहीत. कोरला गेला तो केवळ आकडा. त्या आकड्यामागची नावे कशी शोधावीत, याविषयी हा थ्रेड.

२/ प्रथम भूगोल. पुण्याकडून घाट उतरून येणारा लोहमार्ग कर्जत, बदलापूर, अंबरनाथ करीत कल्याणला पोहोचतो. नाशिक-इगतपुरीकडून येणारा मार्ग कसाऱ्यावरून कल्याणलाच येऊन मिळतो. दख्खनच्या पठारावरील छावण्यांतून मुंबई बंदराकडे रेल्वेने जाणाऱ्या पलटणीला कल्याण चुकवता येत नसे. बसरा असो, सुएझ असो वा इटली, समुद्रापूर्वीचे शेवटचे मोठे जंक्शन हेच.

३/ दुसऱ्या महायुद्धात या जंक्शनजवळ प्रचंड लष्करी तळ उभा राहिला. त्याचे नाव ‘कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प’. ट्रान्झिट म्हणजे मुक्काम आणि पुढे प्रयाण. जहाजाची वाट पाहणारे, जहाजातून उतरून ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे निघालेले आणि युद्ध संपल्यावर मायदेशी परतणारे सैनिक येथे काही दिवस किंवा काही आठवडे राहत. तळावर दोन हजारांहून अधिक बराकी होत्या.

४/ युद्ध संपले, बराकी ओस पडल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची पायाभरणी झाली आणि ‘उल्हासनगर’ हे नाव रूढ झाले. तरीही रिक्षावाला आजही ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच म्हणतो. लष्कर निघून गेल्यालाही पाऊणशे वर्षे झाली, पण त्याचा शब्द येथील पत्त्यांत टिकून आहे.

५/ ‘समुद्रापार मरण’ या शब्दांना येथे दोन दिशा आहेत. इंग्लंडमधील एखाद्या खेड्यातून आलेल्या तरुणाला पश्चिम भारतातील तळावर हिवतापाने वा अपघाताने मरण आले, तर त्याच्या आईसाठी तो परदेशातच गेला. पश्चिम आणि मध्य भारतातील ज्या थडग्यांची कायमची निगा राखणे शक्य नव्हते, ती पुण्याजवळच्या खडकी युद्ध दफनभूमीत एकत्र करण्यात आली. तेथे दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेहून अधिक सैनिक विसावले आहेत. ओळख पटलेल्या प्रत्येकाच्या शिळेवर नाव, हुद्दा, पलटण आणि मृत्यूची तारीख कोरलेली आहे.

६/ ही व्यवस्था एका तत्त्वातून आली. २१ मे १९१७ रोजी शाही सनदेद्वारे ‘इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’ स्थापन झाले. आजचे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ते हेच. प्रत्येक मृताचे नाव शिळेवर किंवा स्मारकावर यावे आणि हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद करू नये, असे त्याचे धोरण ठरले. फ्रान्समधील न्यूव्ह-शापेल येथील स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीय सैनिक व कामकऱ्यांची नावे आहेत. १९२७ साली त्याचे उद्घाटन झाले. तेथे तत्त्व पाळले गेले. सर्वत्र मात्र पाळले गेले नाही.

७/ मराठी पलटणींचा मोठा वाटा फ्रान्समध्ये नव्हता, तो मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होता. नोव्हेंबर १९१४ मध्ये फाओ येथे उतरलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा या पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणे, कोल्हापूर या भागांतील शेतकरी घरांतील मुले त्यांत होती. १९१४ साली साध्या शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता.

८/ जनरल टाउनशेंड यांच्या हाताखाली ही डिव्हिजन तैग्रिस नदीने वर सरकत बगदादच्या जवळ पोहोचली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉन येथे तिची प्रचंड हानी झाली आणि ती कुत-अल-अमारा या गावी मागे आली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्की सैन्याने वेढा घातला. अन्न संपत गेले, घोडे मारून खाण्याची वेळ आली. अनेक भारतीय शिपायांनी ते मांस प्रदीर्घ काळ नाकारले. उपासमार आणि रक्तपिती यांनी माणसे खंगली.

९/ २९ एप्रिल १९१६ रोजी कुतने शरणागती पत्करली. सुमारे १३,००० जण कैद झाले आणि त्यांत बहुसंख्य भारतीय होते. साध्या शिपायांना वाळवंटातून पायी पिटाळले गेले. बगदाद, मोसुल आणि पुढे रास-अल-ऐन, जेथे बगदाद रेल्वेच्या कामावर कैद्यांना जुंपण्यात आले. वाटेत कोण कोणत्या दिवशी, कोणत्या विहिरीपाशी पडला, हे लिहून ठेवणारे कोणीच नव्हते. मृत्यूनोंदीचा शोध कठीण होतो तो नेमका येथे.

१०/ मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि ज्यांचे थडगे ज्ञात नाही अशांसाठी १९२९ साली बसरा स्मारक उभारण्यात आले. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे हे स्मारक. ब्रिटिश सैनिकांची नावे शिलापटांवर कोरली गेली, भारतीय अधिकाऱ्यांचीही गेली. साध्या भारतीय शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीचे नाव आणि तिच्या मृतांची संख्या एवढेच लिहिले गेले. शिपायांची नावे नोंदवहीपुरती राहिली. एकाच खंदकात पडलेल्या दोघांपैकी एकाचे नाव दगडावर आले, दुसरा बेरजेत गेला.

११/ स्मारकाचे दुर्दैव एवढ्यावर थांबले नाही. ते मूळचे बसऱ्याजवळ नौदलाच्या गोदीपाशी होते. १९९७ मध्ये इराकच्या अध्यक्षांच्या हुकमाने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, बसऱ्यापासून सुमारे ३२ किलोमीटरवर, वाळवंटात पुन्हा उभे करण्यात आले. त्यानंतरची युद्धे त्याच परिसरात झाली. सातारा वा रायगडहून एखाद्या वंशजाने तेथे जाऊन फूल वाहावे, ही गोष्ट आजही सोपी नाही. म्हणूनच कागदातील नोंद हीच बहुतेक कुटुंबांसाठी समाधी ठरते.

१२/ या भेदाची अधिकृत कबुली यायला शंभर वर्षे लागली. एप्रिल २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने नेमलेल्या विशेष समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यानुसार पहिल्या महायुद्धातील अंदाजे ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले. शिवाय किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांची नावे स्मारकांवर आलीच नाहीत, किंवा त्यांचे कोणतेच स्मरण झाले नाही. यांत प्रामुख्याने भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्शियन होते. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत त्याबद्दल माफी मागितली.

१३/ आकड्याची हीच पद्धत आपल्या गावांतही दिसते. पहिल्या युद्धानंतर सरकारने अनेक गावांत शिळा बसवल्या. त्यांचा मजकूर ठरावीक साच्याचा आहे. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. चावडीच्या भिंतीत, शाळेच्या ओट्यावर किंवा देवळासमोर त्या आजही आढळतात. गेले ते किती, मेले ते किती, हे दोन आकडे त्यांवर आहेत. ते कोण, हे नाही.

१४/ सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात तेथील ४६ जवान कामी आले, हे गावाच्या अभिमानाचा भाग आहे. एका गावातून सेहेचाळीस मृत्यू! एवढ्या घरांत तारा आल्या असतील, एवढ्या घरांत कोणीतरी कपाळ पुसले असेल. त्या प्रत्येक मृत्यूची एक स्वतंत्र नोंद कुठेतरी होती. संशोधनाचे काम बेरजेची पुन्हा वजाबाकी करण्याचे, आकड्यातून माणूस वेगळा काढण्याचे आहे.

१५/ आता त्याच ११० व्या मराठा लाइट इन्फंट्रीचा पुढचा प्रवास पाहावा, कारण येथे एक महत्त्वाची किल्ली हाती लागते. १९२२ च्या पुनर्रचनेत जुने क्रमांक रद्द झाले आणि पाचवी मराठा लाइट इन्फंट्री तयार झाली. १०३ वी झाली १/५, १०५ वी झाली २/५, ११० वी झाली ३/५, ११६ वी झाली ४/५, ११७ वी झाली ५/५ आणि ११४ वी झाली १०/५, म्हणजे प्रशिक्षण पलटण. १९१६ च्या कागदातील ११० वी आणि १९४४ च्या कागदातील ३/५ या दोन निराळ्या पलटणी नव्हेत. हे ठाऊक नसेल तर शोध अर्ध्यावरच थांबतो.

१६/ १० जुलै १९४४. इटली, वरचे टायबर खोरे. ३/५ मराठाच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला केला. नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सारे मारले गेले वा जखमी झाले. ते एकटेच धावले. हातबॉम्बने त्यांनी गन आणि ती चालवणारा निकामी केला, टॉमी गनने आणखी एकाला टिपले. काडतुसे भरायला उसंत नव्हती. बंदुकीची नळी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना त्यांनी लोळवले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि जिंकलेल्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला.

१७/ वय २२. गाव पळसगाव, तालुका माणगाव, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्याची घोषणा २ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये आहे. ते पदक त्यांच्या पत्नीने स्वीकारले. यशवंत घाडगे यांचे थडगे मात्र ज्ञात नाही. त्यांचे नाव इटलीतील कॅसिनो स्मारकावर, ज्ञात थडगे नसलेल्या चार हजारांहून अधिक सैनिकांच्या नावांत, कोरलेले आहे. माणगावात त्यांचे स्मारक आहे.

१८/ येथे दोन मृत्यू शेजारी ठेवून पाहावेत. एकच पलटण, एकाच मुलखातील मुले. १९१६ मध्ये मेसोपोटेमियात नाहीसा झालेला ११० व्या पलटणीचा शिपाई दगडावर आकडा म्हणून उरला. १९४४ मध्ये इटलीत पडलेला तिचाच नाईक दगडावर नावाने उरला. दोघांनाही ज्ञात थडगे नाही. फरक शौर्यात नव्हता, नोंद ठेवणाऱ्याच्या धोरणात होता. कॅसिनोच्या शिलापटांवर घाडगे यांच्याप्रमाणे व्हिक्टोरिया क्रॉस न मिळालेल्या साध्या शिपायांचीही नावे आहेत.

१९/ शोध सुरू करणाऱ्या अनेकांची पहिली निराशा ‘कबर सापडत नाही’ अशी असते. पण हिंदू आणि शीख सैनिकांचे शक्य तेथे दहन होत असे. ज्याचे दहन झाले त्याचे थडगे असणार कसे? अशांसाठी स्वतंत्र दहन-स्मारके आहेत. इटलीतील फोर्ली येथील दहन-स्मारकावर जवळपास ८०० भारतीयांचे स्मरण आहे, सांग्रो नदीकाठच्या दहन-स्मारकावर ५०० हून अधिकांचे. एरिट्रियातील केरेन येथेही असे स्मारक आहे. १९४१ च्या तेथील लढाईत ३/५ मराठा पलटण होती.

२०/ आता पद्धत. शोध संकेतस्थळावर नव्हे, घरात सुरू होतो. मृताचे नाव, वडिलांचे नाव, गाव, पलटण, अंदाजे वर्ष आणि ‘कुठल्या लढाईवर गेला’ याची घरात सांगितली जाणारी आठवण, हे सारे प्रथम लिहून काढावे. आठवण चुकीची असू शकते, पण निरुपयोगी नसते. ‘बसऱ्याला गेला’ हे तीन पिढ्यांनी जपलेले वाक्य मेसोपोटेमियाची आघाडी निश्चित करते. घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला आधी विचारावे. कागद थांबतो, माणूस थांबत नाही.

२१/ पुढे पेटी उघडावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंगाने ती कड वाचावी. घासून चकचकीत केलेल्या पदकावरून ती अक्षरे जातात, म्हणून पदक कधीही घासू नये. काही घरांत सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची कांस्य थाळी सापडते. ती मृताच्या वारसाला दिलेली स्मृतिथाळी होय. तिच्यावर नाव असते, हुद्दा नसतो. सुभेदार आणि शिपाई त्या थाळीवर एका पातळीवर येतात. कुटुंबनिवृत्तीचा कागद असेल तर त्यावरील क्रमांक सोन्याच्या मोलाचा.

२२/ यानंतरची अडचण नावाची. मराठी नाव इंग्रज कारकुनाच्या कानातून रोमन लिपीत गेले. सावंत हे आडनाव दोन-तीन प्रकारे लिहिले जाई, घाडगे आणि घाटगे यांची सरमिसळ होई, यशवंतचा पहिला स्वरही पक्का नसे. कित्येकांचे आडनाव लिहिलेच गेले नाही, केवळ नाव आणि वडिलांचे नाव आले. म्हणून एकच वर्णलेखन टाकून ‘नोंद नाही’ असा निष्कर्ष काढू नये. शक्य ती सारी रूपे कागदावर मांडावीत आणि एकेक तपासावे. क्रमांक हाती असेल तर नावाच्या आधी क्रमांकाने शोधावे.

२३/ तिसरी अडचण पत्त्याची. नोंदीतला जिल्हा आजचा नसतो. ‘कुलाबा’ म्हणजे आजचा रायगड, हे नाव १९८१ साली बदलले. त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली साताऱ्यातून ‘दक्षिण सातारा’ म्हणून निघाला. पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात होता. सावंतवाडी, कोल्हापूर, भोर, जंजिरा ही तर संस्थाने होती. गावाची नोंद शोधताना त्या काळचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

२४/ एवढी तयारी झाल्यावर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरील शोधसूचीकडे वळावे. ती विनाशुल्क आहे. सैन्य म्हणून भारतीय सैन्य निवडावे, युद्ध निवडावे, मग पलटण आणि नाव. बसरा स्मारकावर जे शिपाई केवळ संख्येत होते, त्यांपैकी पुष्कळांची नावे या सूचीत मिळतात. ‘अधिक माहिती’ या रकान्यात वडिलांचे वा पत्नीचे नाव आणि गाव असू शकते. समान नावाच्या दहा जणांतून आपला माणूस ओळखायचा तो याच रकान्याने.

२५/ या सूचीच्या कालमर्यादा लक्षात ठेवाव्यात. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. लढाई थांबल्यानंतर सेवेत असताना आजाराने गेलेला शिपाईही त्यामुळे सूचीत असू शकतो. उलट, बेपत्ता आणि कैद्यांच्या बाबतीत मृत्यूची तारीख कित्येकदा अधिकृतपणे गृहीत धरलेली असते. एकाच पलटणीच्या अनेक शिपायांसमोर एकच तारीख दिसली, तर ती लढाईची आहे की कार्यालयाने ठरवलेली, हे तपासावे.

२६/ तारीख मिळाली की त्या दिवशी काय घडले, हे पलटणीच्या ‘वॉर डायरी’त पाहावे. लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात पहिल्या महायुद्धाच्या डायऱ्या आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळही चाळावे. डायरीत मेलेल्या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव येते आणि भारतीय शिपायांसाठी बहुधा ‘आय. ओ. आर.’ ही अक्षरे आणि एक अंक. इंडियन अदर रँक्स. पुन्हा आकडाच! तरीही गावाचे नाव, टेकडी, वेळ, हवामान हे सारे तेथे मिळते. नाव एका कागदात आणि घटना दुसऱ्यात असते. दोन्ही जुळवणे हे संशोधकाचे काम.

२७/ शिपाई कैदेत गेला असेल तर जिनिव्हाकडे पाहावे. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने पहिल्या महायुद्धात युद्धकैद्यांच्या याद्या आणि सूचीपत्रे तयार केली होती. २०१४ पासून ती संकेतस्थळावर पाहता येतात. कुतहून नेलेल्या शिपायांचा माग काढताना हा एक महत्त्वाचा धागा आहे. रास-अल-ऐनच्या वाटेवर पडलेला प्रत्येक माणूस तेथे सापडेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. यादी छावणीत पोहोचलेल्यांची होते, वाटेत राहिलेल्यांची होत नाही.

२८/ शोध शिपायांपुरता मर्यादित ठेवू नये. पलटणीबरोबर भिस्ती, सईस, स्वयंपाकी, धोबी, डोली उचलणारे, खेचरे हाकणारे जात. लष्करी भाषेत ते ‘फॉलोअर’. गोळी आणि पटकी यांनी त्यांना वेगळे ओळखले नाही, कागदाने मात्र ओळखले. त्यांची गणना स्वतंत्र झाली. कोकणच्या खलाशांचेही तसेच. जहाजाबरोबर बुडालेल्यांना थडगे नाही. त्यांच्यासाठी मुंबईत खलाशांच्या वसतिगृहात स्मारक आहे. त्यात पहिल्या युद्धातील दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मरण आहे. दुसऱ्या युद्धातील सहा हजारांहून अधिक नाविकांची नावे मुंबई आणि चितगाव येथील स्मरणवह्यांत आहेत.

२९/ जो दुसऱ्या युद्धात सेवेत असताना, पण प्रत्यक्ष आघाडीपासून दूर मरण पावला, त्याचे नाव दिल्ली-कराची स्मारकाच्या वहीत पाहावे. तेथे अखंड भारताच्या सैन्यातील २५,००० हून अधिक नावे आहेत. फाळणीने देश विभागला, पण एकच यादी दोन्ही ठिकाणी राहिली. दिल्लीच्या इंडिया गेटवर कोरलेली १३,००० हून अधिक नावे मुख्यतः वायव्य सरहद्द आणि तिसऱ्या अफगाण युद्धाशी संबंधित आहेत. तेथे आपले नाव नाही म्हणून शोध सोडणारे अनेक असतात. ते चुकीच्या दगडासमोर उभे असतात, एवढेच.

३०/ मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे आणि कुटुंबीयांनी पलटण व क्रमांक देऊन तेथे पत्रव्यवहार करणे हा एक मार्ग आहे. आपल्या जिल्ह्याचे सैनिक कल्याण कार्यालय योग्य पत्ता देऊ शकते. येथेही पलटणीचा इतिहास ठाऊक हवा. ११० वीची ३/५ झालेली पलटण १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि आज ती दुसरी पॅरा आहे. १११ वी महार ही पलटण १९१७ साली उभी राहिली आणि काही वर्षांतच मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला नव्याने सुरू झाली.

३१/ आणि इतके करूनही नाव कुठेच नसेल तर? तर ते नोंदवता येते. सेवेचा आणि मृत्यूचा लेखी पुरावा दिल्यास कमिशन वगळलेल्या नावाचा विचार करते. येथे पेटीतील कागद, निवृत्तिवेतनाची नोंद, जुने पत्र यांचे महत्त्व कळते. एका घरात पडलेला जीर्ण कागद एका माणसाला शंभर वर्षांनंतर यादीत आणू शकतो. वाळवी लागलेला तोच कागद त्याला कायमचा बाहेर ठेवू शकतो. म्हणून प्रथम दोन्ही बाजूंचे स्वच्छ छायाचित्र काढावे, नंतर उरलेले सारे.

३२/ ‘पण ते तर इंग्रजांसाठी लढले’ हा आक्षेप प्रत्येक वेळी येतो. तो गांभीर्याने घ्यावा. युद्ध साम्राज्याचे होते आणि निर्णय लंडन-सिमल्यात झाले, यात शंका नाही. पण नोंद म्हणजे गौरव नव्हे. पहिल्या महायुद्धात सुमारे ७४,००० आणि दुसऱ्यात सुमारे ८७,००० भारतीय सैनिक मरण पावले. कोणी ११ रुपयांसाठी गेला, कोणी दुष्काळामुळे, कोणी घराण्याच्या रीतीमुळे. साम्राज्याने त्यांना आकडा केले. त्यांना आकडाच राहू देणे म्हणजे साम्राज्याचाच हिशेब आपण मान्य करणे होय.

३३/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी यात एक छोटे आणि करता येण्याजोगे काम आहे. आपल्या गावातील युद्धशिळा शोधावी, तिचे छायाचित्र काढावे, दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. मग शोधसूचीत गावाच्या नावाची सारी रोमन रूपे टाकून पाहावीत. सहापैकी दोन नावे मिळाली तरी ती ग्रामपंचायतीला लेखी द्यावीत आणि उरलेल्या चारांसाठी गावातील जुन्या घरांत चौकशी करावी. शिळेवर आकडा खोदणाऱ्याने जे काम अर्धे ठेवले, ते पुरे करायला छिन्नी लागत नाही, चिकाटी लागते. (समाप्त)